दहा मायक्रोसेकंदांचा माग

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं टर्लिंग हे गाव. तिथल्या जहागीरदारांच्या वाड्यापुढे हिरवळ होती आणि १८७६ च्या सुमारास तिच्यावर एक चमत्कारिक खेळ चाले. तेहतीस वर्षांचे जहागीरदार डोळे मिटून मधोमध उभे राहत. पाच-सहा माणसं त्यांच्याभोवती रिंगण धरत. रिंगणातलं कुणीतरी एखादा शब्द उच्चारी आणि आवाज कुठून आला हे जहागीरदार जागेवरून सांगत. बहुतेक वेळा अचूक. अख्खा शब्दही लागत नसे, नुसता ‘आ’ किंवा ‘ओ’ पुरे होई.

हे जहागीरदार म्हणजे जॉन विल्यम स्ट्रट, तिसरे लॉर्ड रॅली. अरगॉन वायूच्या शोधासाठी पुढे १९०४ चं नोबेल मिळवणारे. काही वर्षांपूर्वी एका जीवघेण्या तापातून उठल्यावर ते हवापालटासाठी नाईल नदीच्या सफरीवर गेले होते आणि ध्वनिशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ त्यांनी त्या नावेतच लिहायला घेतला होता. तो अजून छापून यायचा होता. त्यातल्या समीकरणांत न बसणारा एक प्रश्न मात्र त्यांना हिरवळीवर घेऊन आला होता.

आवाजाची दिशा कळते कशी? डोळ्याच्या पडद्यावर समोरच्या जगाचं चित्र उमटतं, त्यात डावं-उजवं मांडलेलंच असतं. कानात असं काही नाही. कानाचा पडदा आत-बाहेर हलतो, एवढंच. त्या हलण्यात दिशेची कसलीही खूण नसते. तरीही अंधारात हाक आली की मान बरोबर त्या बाजूला वळते.

त्या काळच्या बहुतेकांना उत्तर सोपं वाटत होतं. मध्ये डोकं आडवं येतं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला मोठा ऐकू येतो, डावा कान डोक्याच्या आडोशाला असल्याने त्याला थोडा कमी. लहान-मोठा असा फरक मेंदूने ओळखला की झालं.

रॅलींनी माणसांच्या जागी नादकाटे आणले. माणसाच्या आवाजात अनेक स्वरांची सरमिसळ असते, नादकाटा एकच निर्भेळ स्वर देतो. काटा डावीकडे की उजवीकडे, हे त्यांना चटकन सांगता येई. तो समोर आहे की पाठीमागे, हे मात्र काही केल्या कळेना. म्हणजे जे काही घडतं ते दोन कानांच्या तुलनेतून घडतं, एवढं पक्कं झालं. समोरचा आणि मागचा आवाज दोन्ही कानांना सारखाच पोचतो, मग तुलना करायला उरतंच काय?

पण पुढची आकडेमोड त्यांच्या अंगाशी आली. सेकंदाला १२८ कंपनं करणाऱ्या खर्जातल्या स्वराची तरंगलांबी अडीच मीटरच्या वर असते. एवढ्या लांब लाटेला माणसाचं डोकं अडवू शकत नाही, ती डोक्याला सहज वळसा घालून जाते. रॅलींनी डोक्याच्या जागी गोल धरून हिशेब मांडला. अशा स्वराच्या बाबतीत दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या तीव्रतेतला फरक जेमतेम एक टक्का निघाला. इतका क्षीण फरक ऐकून दिशा ओळखणं अशक्य. आणि तरीही खर्जाचा स्वर डावा की उजवा, हे हिरवळीवर उभ्या असलेल्या कुणालाही कळत होतं.

हा पेच त्यांनी १८७६ मध्ये लंडनच्या म्युझिकल असोसिएशनपुढे मांडला. श्रोते संगीतातले जाणकार होते. उत्तर मात्र त्या दिवशी कुणाजवळच नव्हतं, वक्त्याजवळही नव्हतं.

तीस वर्षांनी दिलेली कबुली

उत्तराची एक वाट दिसत होती, पण ती कुणालाच पटण्यासारखी नव्हती. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर किती? डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत जायला ध्वनीला फार तर ०.६५ मिलिसेकंद लागतो. आवाज अगदी बाजूला असेल तेव्हाचा हा कमाल आकडा. तो समोरून जरासाच कलता असेल तर फरक त्याच्या शंभराव्या हिश्शापर्यंतही उतरतो. मज्जातंतूंतून जाणारा एक संदेशच मुळी साधारण एक मिलिसेकंद टिकतो. अशा संथ तारांनी इतका बारीक वेळ मोजायचा कसा?

शिवाय जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झसारख्या अधिकारी माणसाचं मत आडवं येत होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, कान कुठला तंतू थरथरला यावरून स्वर ओळखतो. त्या थरथरीतलं प्रत्येक कंपन कधी सुरू झालं याची नोंद मेंदूपर्यंत जाण्याचं कारणच नव्हतं. आणि जी नोंद पोचतच नाही, तिची तुलना होणार कुठून?

या मताला तडे देणाऱ्या गोष्टी घडत होत्या. जर्मनीत डोव्ह याने आणि १८७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिल्व्हेनस थॉम्पसन याने एक विचित्र अनुभव नोंदवला होता. थोड्याशा वेगळ्या वारंवारतेचे दोन स्वर एकेका कानात वेगवेगळे सोडले, तरी डोक्याच्या आत त्यांचे हेलकावे ऐकू येतात.

रॅली या प्रश्नाकडे पुरते परतले ते १९०६-०७ मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर असताना. या वेळी त्यांनी दोन नादकाटे घेतले, किंचित बेसूर केलेले. एकाचा आवाज नळीतून फक्त डाव्या कानात, दुसऱ्याचा फक्त उजव्या. तंबोऱ्यांची जोडी जुळवताना दोन तारा जवळजवळ मिळाल्या, पण केसभर राहून गेल्या, की नाद संथपणे फुगतो आणि ओसरतो. जुळवणाऱ्याचा कान त्या हेलकाव्यावरच असतो. तिथे दोन्ही नाद हवेत एकमेकांत मिसळतात, म्हणून हेलकावा उठतो. रॅलींच्या मांडणीत नाद मिसळायला जागाच नव्हती. प्रत्येक कानाला स्वतःपुरता एक सपाट, न बदलणारा स्वर मिळत होता. तरीही ऐकणाऱ्याला आवाज हलताना जाणवला. तो एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरके, आणि पुन्हा उलट.

असं का? दोन काट्यांत एक किंचित जलद असल्याने त्याची लाट हळूहळू दुसऱ्याच्या पुढे निघे. उजव्या कानातली लाट आघाडीवर असली की आवाज उजवीकडे भासे, डाव्या कानातली पुढे गेली की डावीकडे. दोन्ही कानांत तीव्रता सारखीच असून बदलत होती ती फक्त वेळ. रॅलींनी आता मान्य केलं की खालच्या स्वरांत कान दोन लाटांमधलं हे मागे-पुढे ओळखतो, मग मज्जातंतूंविषयीचं रूढ मत काहीही सांगो. स्वर उंचावला की हा परिणाम मावळत जाई. तिथे लाटा इतक्या आखूड होतात की कुठली पुढे आणि कुठली मागे याचाच घोळ होतो. नेमकं तिथेच डोक्याचा आडोसा कामाला येतो. खाली वेळ, वर तीव्रता, असा हा दुहेरी सिद्धान्त. १९०७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि आजही ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते.

बर्लिनचे दोन संगीतवेडे

रॅली पदार्थवैज्ञानिक होते. लाटा आणि तीव्रता ही त्यांची भाषा होती. या शोधाचा पुढचा टप्पा ज्यांच्या हातून घडला, ते दोघे संगीताच्या वाटेने आले होते.

एरिख फॉन होर्नबोस्टेल हा १८७७ चा, व्हिएन्नाचा. आई हेलेना मॅग्नस ही संगीतकार ब्राम्सच्या वर्तुळातली गायिका. मुलाने लहानपणीच पियानो आणि संगीतरचनेचे धडे घेतले, पण डॉक्टरेट मिळवली ती रसायनशास्त्रात. मग बर्लिनला मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फकडे तो गेला आणि तिथलाच झाला. सयामच्या दरबारी कलाकारांचा ताफा १९०० मध्ये बर्लिनला आला असताना स्टुम्फने त्यांचं संगीत एडिसनच्या फोनोग्राफवर मेणाच्या नळकांड्यांवर टिपलं होतं. त्यातून बर्लिनचा फोनोग्राम संग्रह उभा राहिला. होर्नबोस्टेल त्याचा प्रमुख झाला आणि त्याने जगभरच्या गाण्यांची नळकांडी ऐकत बसण्यात उमेदीची वर्षं घालवली. १९०४ मध्ये त्याने ओटो आब्राहामबरोबर फोनोग्राफवर टिपलेल्या भारतीय सुरावटींवर निबंध लिहिला. १९१४ मध्ये कुर्ट झाक्सबरोबर त्याने वाद्यांचं जे वर्गीकरण मांडलं, त्याचा चौपदरी सांगाडा आपल्याकडच्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या विभागणीशी जुळणारा आहे.

दुसरा माक्स वेर्टहायमर, १८८० चा, प्रागचा. व्हायोलिन वाजवणारा. श्रीलंकेतल्या वेड्डा लोकांच्या संगीतावर त्याने याच संग्रहातल्या नळकांड्यांच्या आधारे लेख लिहिला होता. पण त्याचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. १९१० मध्ये तो आगगाडीने सुट्टीवर निघाला असताना एक कल्पना सुचून फ्रँकफर्टलाच उतरला आणि दुकानातून एक खेळण्यातलं चित्रचक्र विकत घेऊन खोलीवर गेला, अशी कथा मानसशास्त्राच्या वर्गात हमखास सांगितली जाते. त्यातून निघालेले प्रयोग मात्र कथेपेक्षाही रंजक आहेत. शेजारी शेजारी दोन रेषा एकामागून एक झळकवायच्या. मधला वेळ साधारण ६० मिलिसेकंद असला की दोन रेषा दिसतच नाहीत, एकच रेषा सरकताना दिसते. वेळ फार वाढवला की दोन वेगळ्या रेषा, फार कमी केला की दोन्ही एकदम. डोळ्यापुढे हललेलं काहीच नसतं. दोन क्षणांमधलं अंतर मेंदूने गती म्हणून वाचलेलं असतं.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि हे दोघेही प्रशियन सैन्याच्या तोफखान्याशी संबंधित संशोधनात ओढले गेले. शत्रूच्या तोफा टेकडीआड, पाणबुड्या पाण्याखाली. दिसत काहीच नाही, ऐकू मात्र येतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या गोष्टीची दिशा कानाने अचूक कशी सांगायची?

दोघांनी रॅलींचाच प्रश्न उचलला, पण उलटीकडून. रॅलींचं उत्तर निर्भेळ स्वरांतल्या लाटांच्या मागे-पुढेपणावर थांबत होतं. तोफेचा दणका हा काही स्वर नसतो, त्याला लाटांची नियमित रांग नसते. तरीही त्याची दिशा कळते. तेव्हा कान लाटेची अवस्था बघत नसावा. ‘आधी कुठे पोचला’ एवढाच सरळ हिशेब करत असावा. दोन क्षणांमधलं अंतर गती म्हणून दिसतं हे ज्याने डोळ्यांच्या बाबतीत दाखवलं होतं, त्याला दोन क्षणांमधलं अंतर दिशा म्हणून ऐकू येत असेल, ही कल्पना परकी वाटली नाही.

प्रयोगांनी ते खरं ठरवलं. एका कानाकडे जाणारा आवाज किंचित उशिराने पोचवला की ऐकू येणारी प्रतिमा दुसऱ्या कानाकडे कलते, मग तो आवाज टिचकीचा असो की गोंगाटाचा. त्यांनी मोजलेला किमान फरक होता सुमारे ३० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी तीस. आवाज पूर्ण बाजूला असताना होणारा फरक सुमारे ६३० मायक्रोसेकंद. ध्वनी तेवढ्या वेळात कापतो २१ सेंटिमीटर. डोक्याची रुंदी याहून कमी, पण ध्वनीला वळसा घालून जावं लागतं, म्हणून हा आकडा मोठा.

आणि एकदा सूत्र कळल्यावर यंत्र सोपं होतं. दोन कानांमधलं अंतर वाढवता येत नाही, पण ध्वनी टिपणारी दोन भोंग्यांसारखी ग्राहकं लांब लांब ठेवून त्यांच्या नळ्या कानांत घालता येतात. त्यांच्यामधलं अंतर दोन मीटर ठेवलं तर वेळेचा फरक जवळजवळ दसपट होतो आणि दिशा तितकीच बारीक कळते. ऐकणाऱ्याने आवाज डोक्याच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत यंत्र फिरवायचं. १९१५ मध्ये या दिशाश्रवण यंत्राचं पेटंट घेतलं गेलं आणि दोघांच्या आडनावांची मोडतोड करून लोक त्याला ‘वेर्टबोस्टेल’ म्हणू लागले. युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, प्रशियन विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्यांचा निबंध छापून आला.

पुढचा भाग दुःखद आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. होर्नबोस्टेलची आई ज्यू कुळातली, वेर्टहायमर स्वतः ज्यू. दोघांनाही देश सोडावा लागला. दोघांनाही न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलने आसरा दिला. होर्नबोस्टेल पुढे इंग्लंडमधल्या केंब्रिजला गेला आणि १९३५ मध्ये तिथेच वारला. मागे बर्लिनमध्ये हजारो नळकांडी राहिली. युनेस्कोने १९९९ मध्ये त्या संग्रहाची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

लांब वाट, आखूड वाट

वेळेचा फरक ओळखला जातो हे कळलं, पण मेंदूत तो मोजतं कोण, हे कोडं तसंच होतं. ते सुटण्याची पहिली चाहूल १९४८ मध्ये लागली. लॉइड जेफ्रेस हा टेक्सास विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. विज्ञानाच्या इतिहासात त्याचं आणखीही एक स्थान आहे: पोर्टलँडमध्ये लहान असताना त्याने आपल्या खेळण्यातल्या रसायनपेटीचे प्रयोग एका मित्राला दाखवले, आणि त्या मित्राला रसायनशास्त्राचं वेड लागलं. तो मित्र म्हणजे पुढे नामवंत रसायनशास्त्रज्ञ झालेला लायनस पॉलिंग. जेफ्रेस कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये पाहुणा म्हणून राहिला असताना त्याने ध्वनीच्या दिशेबद्दल एक छोटा निबंध लिहिला.

कल्पना अशी. मज्जातंतू संथ असतात, हे आजवर अडचण म्हणून सांगितलं जात होतं. जेफ्रेसने तीच गोष्ट मोजपट्टी म्हणून वापरली. समजा, मेंदूत एका ओळीत चेतापेशी आहेत. डाव्या कानाकडून येणारा तंतू ओळीच्या एका टोकाने शिरतो, उजव्या कानाकडून येणारा दुसऱ्या टोकाने. प्रत्येक पेशीपर्यंत दोन्ही वाटांची लांबी वेगळी. पेशीचा नियम एकच: दोन्ही संदेश एकदम आले तरच पेटायचं. डावा संदेश आधी निघाला असेल तर त्याला लांब वाट मिळणाऱ्या पेशीपाशी तो उजव्याबरोबर पोचेल, आणि तीच पेशी पेटेल. आवाज कुठून आला हे मग कुठली पेशी पेटली यावरून कळतं. वेळेचं रूपांतर जागेत झालं.

हे सगळं कागदावर होतं. पुरावा मिळाला तो घुबडात. गव्हाणी घुबड आपल्याकडेही जुन्या वाड्यांत आणि देवळांत दिसतं; मिट्ट काळोखात उंदराच्या हालचालीच्या नुसत्या आवाजावर ते झडप घालतं. क्योटोत जन्मलेले मासाकाझु कोनिशी १९७५ मध्ये कॅलटेकला आले आणि त्यांनी या पक्ष्याचा मेंदू तपासण्यात दशकं घालवली. १९८८ ते १९९० या काळात कॅथरीन कार आणि कोनिशी यांनी दाखवलं की घुबडाच्या मस्तिष्कस्तंभात दोन्ही कानांकडचे तंतू खरोखरच समोरासमोरून शिरतात आणि वाटेत उशीर साठवत जातात. जेफ्रेसने कल्पनेने काढलेली आकृती घुबडाच्या डोक्यात सापडली होती.

सस्तन प्राण्यांनी मात्र थोडा वेगळा मार्ग धरलेला निघाला. २००१ मध्ये डेव्हिड मॅकअल्पाइन आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगांत, आणि २००२ मध्ये बेनेडिक्ट ग्रोथ यांच्या गटाने जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात केलेल्या नोंदी जेफ्रेसच्या ओळीशी जुळल्या नाहीत. तिथे दिशा एका पेटलेल्या पेशीवरून ठरत नसावी. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या एकूण हालचालीच्या तुलनेतून ती निघत असावी. वाद अजून रंगलेला आहे. पण जागा एकच: मस्तिष्कस्तंभ, मेंदूचा तो खालचा भाग जिथे आपली इच्छा किंवा लक्ष फारसं पोचत नाही. तिथल्या श्रवणपेशींवर चेतातंतू जिथे टेकतात, ते सांधे शरीरातल्या सर्वांत मोठ्या आणि जलद सांध्यांपैकी आहेत. अचूक वेळेसाठीच ते घडलेले आहेत.

ही अचूकता किती? १९५६ मध्ये क्लम्प आणि ईडी यांनी माणसांवर मोजणी केली. गोंगाटासारख्या ध्वनीत सरासरी ९ मायक्रोसेकंदांचा फरक कळला, १००० हर्ट्झच्या स्वरात ११, आणि एका टिचकीत २८. दहा मायक्रोसेकंदांत ध्वनी हवेतून साडेतीन मिलिमीटरसुद्धा पुढे जात नाही.

रियाजाने हे वाढतं का?

संगीतकारांनी हा शोध लावायला मदत केली, मग संगीतकाराचा कान या दहा मायक्रोसेकंदांत इतरांच्या पुढे असायला हवा, असं वाटणं साहजिक आहे. गायक श्रुतीचा केसभर फरक ओळखतो, तबलजीला मात्रा किंचित ढळलेली लगेच कळते. अशा कानाला डाव्या-उजव्यातला वेळही अधिक बारीक कळत असेल, नाही का?

स्वराच्या बाबतीत रियाजाचा फायदा खरोखरच मोठा आहे. २००६ मध्ये मिशेल, ऑक्सनहॅम आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतात दीर्घ काळ घालवलेल्यांची तुलना संगीत न शिकलेल्यांशी केली. स्वरांतला फरक ओळखण्यात संगीतकार सहा पटींहून सरस निघाले. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू अशी की संगीत न शिकलेल्यांनी त्याच चाचणीचा चार ते आठ तास सराव केल्यावर ते संगीतकारांच्या बरोबरीला आले.

दिशेच्या बाबतीत एक सुंदर प्रयोग २००१ मध्ये जर्मनीतून आला. ऑर्केस्ट्राचा संचालक वाद्यवृंदासमोर मधोमध उभा असतो आणि कडेच्या व्हायोलिनचा सूर ढळला तरी त्याला कळावा लागतो. म्युंटे, आल्टेनम्युलर आणि सहकाऱ्यांनी संचालक, पियानोवादक आणि संगीत न शिकलेले अशा तीन गटांच्या मेंदूच्या लहरी टिपल्या. समोरच्या आवाजावर लक्ष केंद्रित करण्यात सगळे सारखे. अगदी कडेच्या आवाजावर लक्ष एकवटण्यात संचालक उठून दिसले. बाकीच्यांचं लक्ष शेजारच्या ध्वनिक्षेपकांवरही सांडत होतं. इथे सुधारलं ते लक्ष. मायक्रोसेकंद मोजणारी खालची यंत्रणा या प्रयोगात तपासलीच नव्हती.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेने मस्तिष्कस्तंभच तपासला. दोन्ही कानांनी ऐकताना संगीतकारांचा प्रतिसाद अधिक स्थिर आणि ठसठशीत असल्याचं त्यांनी मांडलं. बातमी लोकांना भावणारी होती. पण तिथे दोन्ही कानांना एकच आवाज एकाच वेळी दिला होता. डाव्या-उजव्यातला उशीर ओळखण्याची ती परीक्षा नव्हती. शिवाय मूळ शंका उरतेच: संगीताने कान घडला, की ज्यांचा कान आधीच चांगला होता ते संगीताकडे वळले?

मग २०२५ मध्ये मोठा धक्का बसला. केली व्हाइटफोर्ड, ऑक्सनहॅम आणि सहा प्रयोगशाळांतल्या सहकाऱ्यांनी २६० हून अधिक लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काय मोजायचं आणि कसं, हे आधीच जाहीर केलेलं, म्हणजे हवे तसे आकडे नंतर निवडण्याची सोय नाही. संगीताचं शिक्षण आणि श्रवणमार्गाच्या सुरुवातीच्या टप्प्यांवर ध्वनी किती नेमका टिपला जातो, यांत त्यांना संबंध आढळला नाही. हाच ऑक्सनहॅम १९ वर्षांपूर्वी संगीतकारांची स्वरांतली सहापट सरशी दाखवणाऱ्यांत होता. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की गोष्ट स्पष्ट होते: संगीतकार सरस असतात, पण ती सरशी वरच्या मजल्यावर घडते.

कानांमधल्या उशिराची थेट तालीम देऊन काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. २००१ मध्ये बेव्हर्ली राइट आणि मॅथ्यू फिट्झजेराल्ड यांनी लोकांना अनेक दिवस रोज तासभर सराव दिला. एका गटाला दोन कानांतल्या तीव्रतेच्या फरकाचा, दुसऱ्याला वेळेच्या फरकाचा. तीव्रतेच्या गटाची सावकाश, पण ठोस सुधारणा झाली. वेळेच्या गटाची प्रगती केवळ सुरुवातीला आणि शेवटी चाचणी देऊन गेलेल्यांपेक्षा अधिक नव्हती. उलट २०१९ मध्ये थावम आणि डीट्झ यांनी सर्वांत अनुकूल ध्वनी आणि पद्धत वापरून मोजलं तेव्हा या विषयाच्या सरावलेल्या श्रोत्यांना सरासरी ६.९ मायक्रोसेकंदांचा फरक कळला, नवख्यांना १८.१. म्हणजे सरावाचा संबंध आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या नेमक्या त्या ऐकण्याच्या सरावाचा. नवखा श्रोताही पहिल्याच बैठकीत सेकंदाच्या पन्नास हजाराव्या हिश्शाइतका फरक ओळखतो. त्याने आयुष्यात कधी सा लावलेला नसला तरी.

तबलजीची अचूकता आणि या मायक्रोसेकंदांची अचूकता यांत हजारपटीचं अंतर आहे. सम गाठताना कळणारी ढळ मिलिसेकंदांतली असते. ती हाताने, आठवणीने आणि लयीच्या अपेक्षेने कळते, म्हणून रियाजाने सुधारते. डाव्या-उजव्यातला उशीर मस्तिष्कस्तंभात मोजला जातो, आणि आवाज डावीकडून आला हे आपल्याला कळतं तेव्हा तो हिशेब कधीच उरकलेला असतो. होर्नबोस्टेलच्या कानात बाकीच्यांपेक्षा बारीक मोजपट्टी होती असं मानण्याची गरज नाही. त्याला आणि वेर्टहायमरला संगीताने आणि प्रयोगांनी दिलं होतं ते वेळेकडे बघण्याचं वळण, आणि शोधाला तेवढं पुरलं.

ही जन्मजात मोजपट्टी रियाजाने फारशी वाढत नसली तरी ती बोथट मात्र होते. वय वाढलं की ती क्षीण होते. आणि २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांत दाखवलं की मोठा आवाज थोडा वेळ ऐकल्यावर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण अंतःकर्णातल्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले राहतात. बारीक वेळ मेंदूपर्यंत पोचवणारे हेच सांधे. साधी श्रवणचाचणी अशा कानाला निकोप ठरवते. ढोल-ताशा पथकातल्या वादकाने, ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या मुलाने किंवा रंगमंचावरच्या वाद्यवृंदात रोज बसणाऱ्या कलाकाराने कानात बोळे घालण्याचं कारण इथे आहे. गुरू कान तयार करून देऊ शकतो. दहा मायक्रोसेकंद शाबूत ठेवणं ज्याचे कान त्याच्याच हातात.